चालू बातमीवर लिहायचंय? विद्यापीठाचं ग्रंथालय असं वापरा

चालू विषयावर प्रकल्प लिहायला सांगितला की बहुतेक नवे विद्यार्थी आधी मोबाइलवर बातमी शोधतात. दहा बातम्या उघडतात आणि दहाही ठिकाणी तेच तीन परिच्छेद सापडतात, कारण सगळ्यांनी मजकूर एकाच वृत्तसंस्थेकडून घेतलेला असतो. मग शब्द इकडचे तिकडे करून तेच प्रकल्पात उतरतं. संदर्भसूचीत दहा लिंका दिसतात, पण आधार एकच असतो. परीक्षकाच्या हे पहिल्या पानावरच लक्षात येतं.

विद्यार्थी असताना ही शोधाशोध मी केली आहे आणि पुढे नव्या मुलांशेजारी बसून ती पुन्हा पुन्हा करून दाखवली आहे. 'ग्रंथालयात जुनी पुस्तकं असतात, आजच्या बातमीचं तिथे काय मिळणार?' हा प्रश्न हमखास येतो. बातमीमागचा मूळ अभ्यास, मूळ अहवाल, आकड्यांचे तक्ते, त्याच विषयावरचे वीस वर्षांपूर्वीचे अंक हे सगळं एका ठिकाणी मिळण्याची इतकी भरवशाची दुसरी जागा नाही. त्यातल्या बऱ्याच गोष्टींची वर्गणीही ग्रंथालयाने तुमच्या वतीने आधीच भरलेली असते. तिथपर्यंत पोचायची वाट तेवढी माहीत हवी.

सुरू करण्यापूर्वी जवळ हवं ते

- विद्यापीठाचं ओळखपत्र आणि ग्रंथालयाचा सदस्य क्रमांक
- विद्यापीठाने दिलेला ईमेल व पासवर्ड (खासगी ईमेलवर बहुतेक डेटाबेस, म्हणजे लेख-बातम्यांचे शोधता येणारे ऑनलाइन संग्रह, उघडत नाहीत)
- कॅम्पसबाहेरून लॉगिन कसं करायचं त्याची सूचना. ती ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर असते
- झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर
- एक वही किंवा फाइल, वापरलेले शोधशब्द टिपायला
- तुमच्या विषयाची एक बातमी, तारखेसह

१. आधी लॉगिन, मग शोध

गुगलवरून थेट एखाद्या जर्नलच्या (संशोधन-नियतकालिकाच्या) पानावर गेलात की तिथे पैसे मागणारी चौकट येते आणि मुलं परत फिरतात. तोच लेख ग्रंथालयाच्या पानावरून गेलं तर बरेचदा मोफत उघडतो. प्रकाशकाच्या यंत्रणेला तुम्ही विद्यापीठाचे आहात हे कळावं लागतं. कॅम्पसच्या इंटरनेटवर ते आपोआप कळतं. घरून मात्र ग्रंथालयाच्या प्रॉक्सीतून किंवा व्हीपीएनमधून, म्हणजे तुम्ही विद्यापीठाच्याच नेटवर्कवर आहात असं दाखवणाऱ्या सोयीतून, जावं लागतं. म्हणून सुरुवात नेहमी ग्रंथालयाच्या डेटाबेस-यादीपासून करा.

गुगल स्कॉलर वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये 'लायब्ररी लिंक्स' आहे. तिथे तुमच्या विद्यापीठाचं नाव शोधून टिक करा. विद्यापीठाने ही सोय जोडलेली असेल तर शोधाच्या निकालांशेजारी तुमच्या ग्रंथालयाची लिंक दिसू लागते. दोन मिनिटांचं काम आहे, पण वर्षभर पुरतं.

ग्रंथालयाच्या पानावर 'विषय मार्गदर्शिका' किंवा 'रिसर्च गाइड' असा विभाग आहे का तेही पाहा. युद्ध, निवडणुका, साथीचे आजार, हवामानबदल, कृत्रिम बुद्धिमत्ता असा एखादा विषय गाजू लागला की कित्येक विद्यापीठांचे ग्रंथपाल त्यावर निवडक साधनांची यादी लावतात. कोणीतरी जाणकाराने आधीच चाळून ठेवलेलं असतं ते. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

२. बातमीतून प्रश्न काढा

'हवामानबदल' हा विषय झाला, त्याचं उत्तर शोधता येत नाही. 'उष्णतेच्या लाटांमुळे बांधकाम मजुरांच्या कामाच्या तासांवर काय परिणाम झाला?' हा प्रश्न झाला. बातमी वाचून झाली की तिच्याखाली स्वतःला पडलेले तीन-चार प्रश्न लिहा आणि त्यातला एक निवडा. कोण, कुठे, कधीपासून, हे त्यात आलं पाहिजे. हे न करता डेटाबेस उघडलात तर लाखभर निकाल येतील आणि त्यातले पहिले पाच उचलण्याचा मोह होईल.

३. घटना किती जुनी, त्यावर जागा ठरते

कालपरवाच्या घटनेवर फक्त वृत्तपत्रं आणि वृत्तवाहिन्या मिळतील. काही आठवड्यांनी साप्ताहिकं, मासिकं, विश्लेषण करणारे लेख येतात. जर्नलमधल्या तज्ज्ञांनी तपासलेल्या लेखाला सहसा कित्येक महिने लागतात, पुस्तकाला वर्ष-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त.

इथे दोन सापळे आहेत. गेल्या महिन्यातल्या घटनेवर जर्नलचा लेख सापडत नाही म्हणून 'या विषयावर संशोधनच नाही' असं लिहून टाकणं, हा पहिला. घटना नवी असली तरी तिची जात जुनी असते. एखादी बँक काल बुडाली असेल, तर बँका का बुडतात यावरची पुस्तकं रॅकवर आहेतच. दुसरा सापळा जेस्टोरचा. जर्नलांच्या जुन्या अंकांचा, १९९५मध्ये सुरू झालेला हा ऑनलाइन संग्रह उत्तम आहे, पण त्यातल्या अनेक जर्नलांचे सगळ्यांत अलीकडचे तीन ते पाच वर्षांचे अंक त्यात नसतात. पार्श्वभूमीसाठी तो वापरा, ताज्या संशोधनासाठी दुसरीकडे जा.

४. वृत्तपत्रांचे डेटाबेस

तुमच्या ग्रंथालयाकडे नेक्सिस युनी, फॅक्टिव्हा, प्रोक्वेस्ट, न्यूजबँक, प्रेसरीडर यांपैकी एखादा तरी असण्याची शक्यता आहे. सगळे सारखे नाहीत. प्रेसरीडरमध्ये अंक छापला तसाच पानासकट दिसतो, म्हणजे बातमी पहिल्या पानावर होती की आतल्या कोपऱ्यात, हे कळतं. फॅक्टिव्हा आणि नेक्सिसमध्ये मुख्यतः नुसता मजकूर असतो, पण शोध फार नेमका करता येतो.

या डेटाबेसमध्ये गेल्यावर पहिलं काम म्हणजे निकालांचा क्रम 'जुने आधी' करणं. विषयाचा पहिला उल्लेख कधी झाला, तेव्हा त्याला काय म्हणत होते, कोणती नावं पुढे होती, हे त्यातून उलगडतं. सारख्या बातम्या एकत्र करण्याची सोय असेल तर तीही चालू करा. वृत्तसंस्थेचा एकच मजकूर चाळीस ठिकाणी छापला गेला असेल तर तो तुमच्यासाठी एकच आधार.

विषयाची मुळं फार मागे जात असतील तर जुन्या अंकांचे डिजिटल संग्रह पाहा. लंडनच्या 'द टाइम्स'चे अंक १७८५पासूनचे आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'चे १८५१पासूनचे असे उपलब्ध आहेत. देवनागरीतल्या जुन्या स्कॅन केलेल्या अंकांमध्ये मात्र शब्दशोधावर विसंबू नका. जोडाक्षरं आणि पुसट छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही. तारीख ठरवून पानं एकेक करून चाळणं जास्त खात्रीचं.

५. शोधशब्द: खरी मेहनत इथे

डेटाबेसला वाक्य लिहून प्रश्न विचारण्यापेक्षा शब्द जोडून द्यावेत. जोडणारे शब्द तीन: 'अँड' दिलं की दोन्ही शब्द असलेलेच लेख येतात, 'ऑर' दिलं की दोन्हींपैकी कोणताही चालतो, 'नॉट' दिलं की तो शब्द वगळला जातो. हे इंग्रजी मोठ्या लिपीत टाइप करा. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत टाका.

इंग्रजी शब्दाच्या मुळापुढे तारांकन (*) दिलं की त्याची सगळी रूपं येतात. एम, आय, जी, आर, ए आणि पुढे तारांकन दिलंत की मायग्रंट, मायग्रेट, मायग्रेशन हे सगळं एका दमात सापडतं. त्याबरोबर मायग्रेनही येतं आणि स्थलांतरितांच्या शोधात डोकेदुखीवरचे लेख भरतात. म्हणून तारांकन दिल्यावर विषयाची चाळणी लावायला विसरू नका.

बातम्यांतल्या विषयांना एक खास अडचण आहे: नावं बदलतात. आज आपण ज्याला कोविड-१९ म्हणतो ते नाव जागतिक आरोग्य संघटनेने ११ फेब्रुवारी २०२०ला दिलं. त्याआधीच्या बातम्यांत तो 'नवा कोरोना विषाणू' किंवा 'वुहानमधला न्यूमोनिया' आहे. मंकीपॉक्सला एमपॉक्स म्हणावं ही शिफारस २८ नोव्हेंबर २०२२ची. युक्रेनच्या राजधानीचं इंग्रजी स्पेलिंग असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१९मध्ये 'किएव्ह' सोडून 'कीव्ह' केलं. ट्विटर २०२३मध्ये एक्स झालं. नव्या नावानेच शोधलंत तर विषयाचा अर्धा इतिहास हातातून निसटतो. दोन्ही नावं 'ऑर' लावून कंसात टाका.

यावरचा दुसरा उपाय म्हणजे विषयशीर्षकं. डेटाबेसमधला एखादा अगदी हवा तसा लेख सापडला की त्याच्या नोंदीत खाली 'सब्जेक्ट' या नावाखाली काही शब्द दिसतात. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, नोंद करणाऱ्यांनी एका विषयाच्या सगळ्या लेखांना एकच शीर्षक लावलेलं असतं. त्यावर क्लिक करा. पाच मिनिटांत जेवढं सापडेल तेवढं तासभर अंदाजाने शब्द बदलत बसून सापडत नाही. वैद्यकीय विषयांसाठी पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमधली 'मेश' नावाची शीर्षकं याच कामाची आहेत आणि पबमेड कोणालाही मोफत उघडतं.

प्रत्येक शोधाचे शब्द वहीत लिहा. उद्या पुन्हा बसाल तेव्हा तेच शब्द तिसऱ्यांदा टाकण्याची वेळ येणार नाही.

६. 'एका अभ्यासानुसार' म्हणजे नेमका कोणता अभ्यास?

माझ्या मते हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि तोच सर्वाधिक गाळला जातो. बातमीत 'शास्त्रज्ञांनी शोधून काढलं' असं आलं की थांबा आणि मूळ लेख काढा. त्यासाठी बातमीतून चार गोष्टी उचला: जर्नलचं नाव, एखाद्या संशोधकाचं आडनाव, संस्था आणि महिना. या चार गोष्टी ग्रंथालयाच्या शोधपेटीत टाकल्या की लेख बहुधा मिळतो. बातमीखाली डीओआय दिलेला असेल तर उत्तमच. १० आणि टिंबाने सुरू होणारा तो लेखाचा कायमचा क्रमांक असतो.

विज्ञानाच्या पुष्कळ बातम्या विद्यापीठांच्या प्रसिद्धिपत्रकांवरून लिहिल्या जातात. अमेरिकेतल्या एएएएस या विज्ञान संस्थेने १९९६मध्ये सुरू केलेल्या युरेकअॅलर्टवर अशी पत्रकं खुली असतात. पत्रक, बातमी आणि मूळ लेखाचा गोषवारा शेजारी शेजारी ठेवून वाचा. 'संबंध दिसतो'चं 'मुळे होतं' कधी झालं, उंदरांवरचा प्रयोग माणसांवर कुठे सरकला, हे डोळ्यांसमोर दिसतं. प्रकल्पाला यापेक्षा चांगला मुद्दा क्वचित मिळेल.

हे का करायचं, त्यासाठी एक घटना पाहा. २२ मे २०२०ला 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये एक अभ्यास आला. ६७१ रुग्णालयांतल्या ९६,०३२ कोविड रुग्णांची माहिती तपासल्याचा दावा होता आणि निष्कर्ष असा, की हायड्रॉक्सीक्लोरोक्विन दिलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. जगभर बातमी झाली. २५ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग तात्पुरता थांबवल्याचं जाहीर केलं. लगोलग इतर संशोधकांनी त्या माहितीबद्दल शंका घेतल्या. माहिती पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर कंपनीने ती पूर्ण स्वरूपात स्वतंत्र तपासणीसाठी द्यायला नकार दिला, आणि ४ जूनला चारपैकी तीन लेखकांनी लेख मागे घेतला. त्या औषधाचा उपयोग नाही हे पुढे वेगळ्या, नीट आखलेल्या चाचण्यांमधून दिसलं, पण या लेखाचा आधार मात्र उरला नाही. २३ मेची बातमी आजही इंटरनेटवर सापडते. तिच्यावर विसंबून लिहिणाऱ्याला पुढचे दोन आठवडे दिसतच नाहीत. मूळ लेखाची नोंद ग्रंथालयातून उघडणाऱ्याला तो मागे घेतल्याची सूचना वरच दिसते.

म्हणून प्रत्येक लेखाच्या नोंदीवर 'रिट्रॅक्टेड' (मागे घेतलेला) किंवा 'करेक्शन' (दुरुस्ती) असं काही आहे का ते पाहा. मागे घेतलेल्या लेखांवर लक्ष ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉच या संकेतस्थळाचा साठा २०२३पासून क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि सर्वांना खुला आहे. झोटेरोही त्याच साठ्यावरून तुमच्या संग्रहातल्या अशा लेखावर लाल खूण करतं.

प्रीप्रिंटबद्दलही सावध राहा. अर्काइव्ह (१९९१पासून) आणि मेडअर्काइव्ह (२०१९पासून) या संकेतस्थळांवरचे लेख तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच प्रसिद्ध झालेले असतात. ते वापरायला हरकत नाही, मात्र 'प्रीप्रिंट' असा उल्लेख करा आणि तोच लेख नंतर जर्नलमध्ये आला का ते शोधा. आला असेल तर कधी कधी निष्कर्षही बदललेले असतात.

संशोधनाखेरीज इतर बातम्यांनाही मूळ कागद असतो. न्यायालयाच्या बातमीमागे निकालपत्र, धोरणाच्या बातमीमागे अधिसूचना किंवा विधेयक, ठरावाच्या बातमीमागे संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयातला दस्तऐवज. अहवालांच्या बाबतीत सारांश आणि पूर्ण अहवाल यांत गल्लत करू नका. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या अहवालाचा 'धोरणकर्त्यांसाठी सारांश' सरकारांच्या प्रतिनिधींनी ओळ न् ओळ तपासून मान्य केलेला असतो. ऑगस्ट २०२१मध्ये आलेला पहिल्या कार्यगटाचा मूळ अहवाल मात्र दोन हजारांहून अधिक पानांचा आहे. तो सगळा वाचायची गरज नाही. सारांशातल्या प्रत्येक विधानापुढे कंसात प्रकरणाचा क्रमांक असतो, तेवढा भाग उघडा.

७. आकडे दिसले की तक्ता मागा

बातमीतला टक्का एकटा असेल तर त्याला अर्थ नाही. ऑक्टोबर २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सांगितलं, की प्रक्रिया केलेलं ५० ग्रॅम मांस रोज खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. कित्येकांनी ते 'शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग' असं वाचलं. ही वाढ मूळ धोक्याच्या तुलनेत आहे, म्हणजे मूळ धोका शंभरात पाच असेल तर तो सहाच्या आसपास जातो. या संस्थेने असं मांस कर्करोगकारक गोष्टींच्या ज्या वर्गात टाकलं, त्याच वर्गात तंबाखूही आहे म्हणून दोन्ही सारखेच घातक असंही काहींनी लिहिलं. तो वर्ग पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही.

देशांची तुलना करायची तर जागतिक बँकेचे तक्ते मोफत आहेत. 'अवर वर्ल्ड इन डेटा'वर आलेखाखाली मूळ स्रोत दिलेला असतो, तिथपर्यंत जा आणि संदर्भ मूळ स्रोताचाच द्या. आकडा कोणत्या वर्षाचा, प्राथमिक की सुधारित, हे टिपा. आर्थिक आकडे नंतर सुधारले जातात, त्यामुळे दोन बातम्यांत फरक दिसला म्हणजे कोणी खोटं बोलतंय असं नाही.

८. लेख उघडत नसेल तर

पैसे भरू नका. अनपेवॉल हे ब्राउझरमधलं मोफत साधन लावा, लेखाची खुली प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. तरीही नाही मिळाला तर ग्रंथालयाच्या आंतरग्रंथालयीन देवघेव विभागाकडे मागणी नोंदवा. दुसऱ्या ग्रंथालयातून लेखाची प्रत किंवा पुस्तक मागवून देतात. याला वेळ लागतो, जमा करण्याच्या आदल्या रात्री ही सोय कामाची नाही. लेखाच्या पहिल्या पानावर दिलेल्या ईमेलवर संशोधकाला नम्रपणे प्रत मागितली तर तीही बरेचदा मिळते.

९. संदर्भ ग्रंथपालाशी बोला

नवी मुलं इथे संकोचतात. 'एवढंसं विचारायला कशाला जायचं?' असं वाटतं. वाचकांना मदत करणं हेच त्यांचं काम असतं आणि तुमच्या विषयाचा कोणता डेटाबेस चालू आहे, कोणता बंद झाला, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. प्रश्न मात्र तयार करून न्या. 'सर, स्थलांतरावर काही आहे का?' असं विचारलंत तर रॅककडे बोट दाखवलं जाईल. 'मॅडम, २०१५नंतर समुद्रमार्गे युरोपात आलेल्या लहान मुलांच्या शाळाप्रवेशावर शोधतोय. हे शब्द वापरून झाले, हे तीन लेख मिळाले, वृत्तपत्रं बघून झाली. आकडे कुठे मिळतील?' असं विचारलंत तर त्या खुर्ची ओढून शेजारी बसतील. शोधशब्दांची वही बरोबर असू द्या.

१०. नोंद सापडली त्याच क्षणी करा

डेटाबेसमधला लेख वाचताना वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करू नका. तो तुमच्या त्या वेळच्या लॉगिनपुरता असतो, दुसऱ्या दिवशी उघडत नाही. 'परमालिंक' (लेखाचा कायमचा पत्ता) किंवा डीओआय घ्या. झोटेरोचं बटण दाबलं की लेखक, अंक, तारीख एकदम साठतात, पण तपासून घ्या; वृत्तपत्रांच्या बाबतीत लेखकाचं नाव आणि तारीख हमखास चुकते.

संकेतस्थळावरची बातमी गुपचूप बदलते, कधी गायबही होते. म्हणून महत्त्वाचं पान वेबॅक मशीन या वेबपानं साठवून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर 'सेव्ह पेज नाउ' वापरून जतन करा आणि तुम्ही ते कोणत्या दिवशी पाहिलं ते लिहा. चॅटबॉटने सुचवलेला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयाच्या सूचीत शोधून, उघडून, वाचून मगच वापरा. अस्तित्वातच नसलेल्या लेखांना अगदी खरी वाटणारी नावं आणि डीओआय देण्यात ही साधनं पटाईत आहेत.

बातमी अजून चालू असेल तर डेटाबेसमध्ये तुमच्या शोधावर 'अॅलर्ट' लावा, नवं काही आलं की ईमेल येईल. आणि प्रकल्प जमा करण्याच्या आदल्या दिवशी, ज्या दोन-तीन लेखांवर तुमचा सगळा युक्तिवाद उभा आहे त्यांच्या नोंदी पुन्हा एकदा उघडून पाहा. मधल्या काळात त्यांवर दुरुस्ती आली असेल तर ती तुमच्या लेखनात आली पाहिजे.